जुन्या होडीची पारख

बंगळूर शहरातून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेकडे निघाले असता सुमारे २५ किलोमीटरवर होसकोटे हे तालुक्याचे गाव लागते. ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे कोट. १५९५ च्या सुमारास सुगटूरच्या तम्मेगौडा या पाळेगाराने हे ठाणे वसविले व त्याच्यालगत एक विस्तीर्ण तळे बांधविले. १६३८ मध्ये विजापूरकरांच्या रणदुल्लाखानाने बंगळूर जिंकल्यानंतर शहाजीराजांना जी जहागीर मिळाली तीत होसकोटेही होते. त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव अगदीच परके वाटू नये. तळ्याचा बांध सुमारे दोन मैल लांबीचा असून ते काठोकाठ भरले असता पाण्याचा घेर दहा मैलांच्या घरात जातो, अशी नोंद जुन्या म्हैसूर गॅझेटियरात आढळते. जवळूनच दक्षिण पिनाकिनी नदी वाहते. नंदीच्या डोंगरात उगम पावून ती पुढे तमिळनाडूत शिरते आणि कडलूरजवळ समुद्राला मिळते.

अशा तळ्यांत पावसाळ्यात कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडावयाची आणि ती वाढल्यावर जाळे टाकून काढावयाची, हा या भागातील मत्स्यव्यवसायाचा सर्वसाधारण क्रम होय. त्यासाठी आजवर वापरले जाणारे वाहन म्हणजे हरिगोलु. बांबूच्या कांबींची मोठी परडी विणून तिला पूर्वी कातडे व आता डांबर लावलेले प्लॅस्टिकचे कापड मढवितात. अलीकडे काचतंतूंच्या तयार हरिगोलुही दिसू लागल्या आहेत. या गोल नौकेला नाळ नाही आणि पिछाडीही नाही. कृष्णाकाठच्या लोकांनी पुराच्या दिवसांत गूळ शिजविण्याच्या लोखंडी काहिलीतून माणसे नेलेली पाहिली असतील. हरिगोलु ही तिचीच हलकी आणि सुधारलेली बहीण म्हणता येईल. ती वीतभर पाण्यात तरंगते, एक माणूस ती डोक्यावर पालथी घालून घरी नेऊ शकतो आणि तिच्या ठेंगण्या काठावरून ओले जाळे आत ओढणे सोपे जाते. तिचे दोषही तितकेच उघड आहेत. वाऱ्यात ती भोवऱ्यासारखी फिरते, तिच्यात दोन माणसे व भरलेले जाळे मावणे कठीण, आणि दर एक-दोन हंगामांनी तिचे कापड बदलावे लागते.

म्हणून एखादे मच्छीमार कुटुंब हातात चार पैसे आले की धातूच्या होडीचा विचार करू लागते. नवी होडी आवाक्याबाहेर असते. परंतु जलक्रीडेची केंद्रे, बचावकार्याची पथके किंवा मोठ्या जलाशयांवरील ठेकेदार यांच्याकडून बाद झालेली ॲल्युमिनियमची होडी अधूनमधून विक्रीस निघते. तळ्याचा ठेका ठराविक मुदतीचा असतो. त्या मुदतीतच होडीची किंमत माशांतून भरून निघावी लागते, आणि एखाद्या वर्षी पाऊस न झाल्यास तळे कोरडे पडून होडी बांधावर पालथी पडून राहते. अशा स्थितीत चुकीची होडी घेणे म्हणजे कर्जाचे हप्ते चालू आणि मिळकत बंद. धोका केवळ पैशांचाही नाही. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव व कळाशी या गावांच्या दरम्यान प्रवासी होडी वादळात सापडून उलटली आणि सहा जणांना प्राण गमवावे लागले. बांधलेल्या तळ्याचे पाणी संथ दिसते म्हणून ते निर्धोक असते असे नाही. वळवाचा वारा एप्रिल-मे महिन्यांत होसकोटेच्या पठारावरही तितक्याच अचानक उठतो.

समजा, अशा एका कुटुंबापुढे दोन जुन्या होड्या आहेत. पहिली ४.२ मीटर लांब, तळाशी पन्हाळीसारखी निमुळती, पत्रे रिव्हेटांनी जोडलेली, नुकताच हिरवा रंग दिलेली आणि मागे लहानसे इंजिन बसविलेली. दुसरी ३.६ मीटर लांब, सपाट तळाची, वेल्डिंगने जोडलेली, ठिकठिकाणी पोचे पडलेली, रंग नाही, इंजिन नाही, एक बाक मोडलेला. पहिलीची किंमत दुसरीच्या दीडपट सांगितली जाते. पाहणाऱ्याचे मन पहिलीकडे ओढले जाणे स्वाभाविक आहे. तिची चकाकी आणि तिचे इंजिन या दोन गोष्टी क्षणभर बाजूला ठेवून ज्यापासून होडी बनते तो पत्रा, त्याचे सांधे आणि ज्यात ती चालावयाची ते पाणी यांचा विचार केला तर मात्र निर्णय पालटू शकतो. तो कसा, हे येथे पाहावयाचे आहे.

पत्र्याची जात

ॲल्युमिनियम हा धातू मराठी घरात ‘जर्मन’ या नावाने ओळखला जातो. जर्मनच्या पातेल्यात चिंचेची आमटी रात्रभर राहिली की सकाळी तळाशी बारीक खड्डे दिसतात, हा अनुभव बहुतेक गृहिणींना आहे. या एका अनुभवात होडीच्या आयुष्याचे बरेचसे रहस्य सामावलेले आहे. ॲल्युमिनियम हवेत उघडा पडताच त्याच्यावर प्राणिदाचा अत्यंत पातळ, घट्ट आणि पारदर्शक थर तयार होतो. लोखंडाचा गंज सुटून पडतो व खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. ॲल्युमिनियमचा हा थर मात्र स्वतःच धातूचे रक्षण करतो, ओरखडा पडल्यास पुन्हा भरून येतो. म्हणून गोड्या पाण्यात रंग न दिलेली होडीही अनेक वर्षे टिकते. राखाडी, निस्तेज दिसणे हा तिचा दोष नव्हे, ते तिचे चिलखत आहे. तीव्र आम्ल किंवा तीव्र अल्क यांच्यापुढे मात्र हे चिलखत टिकत नाही. धुण्याचा सोडा, कळीचा चुना, ओले सिमेंट हे त्याचे शत्रू.

स्वयंपाकघरातील पातेल्याचा धातू जवळजवळ शुद्ध व मऊ असतो. होडीसाठी तो चालत नाही. त्यात मॅग्नेशियम मिसळून केलेला मिश्रधातू वापरतात; व्यवहारात त्याच्या निरनिराळ्या जातींना क्रमांक आहेत. ५०५२ या जातीत सुमारे अडीच टक्के आणि ५०८३ मध्ये चार टक्क्यांहून अधिक मॅग्नेशियम असते. दोन्ही पाण्यासाठी उत्तम समजल्या जातात. तांबे मिसळलेल्या जाती विमानांत वापरल्या जातात, त्या बळकट असल्या तरी पाण्यात लवकर खाल्ल्या जातात. जुन्या होडीवर बांधणाऱ्याची पट्टी शाबूत असेल तर तीवर कधीकधी जात लिहिलेली सापडते. पट्टी नसेल तर विकणाऱ्याच्या शब्दापलीकडे फारसा पुरावा राहात नाही. अशा वेळी बांधकामाचा प्रकार आणि होडीने आजवर काढलेले दिवस हीच साक्ष मानावी लागते. दहा-पंधरा वर्षे पाण्यात राहूनही जिच्या पत्र्यावर खड्डे नाहीत, तिची जात चांगली असण्याचा संभव अधिक.

पत्र्याची जाडी मात्र मोजता येते, आणि ती मोजल्यावाचून सौदा करू नये. एक चौरस मीटर ॲल्युमिनियमचा पत्रा एक मिलिमीटर जाड असेल तर त्याचे वजन २.७ किलो भरते. तेवढ्याच पोलादी पत्र्याचे ७.८ किलोपेक्षा थोडे अधिक. या हलकेपणासाठीच हा धातू होडीत येतो. पण तो पोलादाच्या मानाने लवचीकही आहे. तेवढ्याच जाडीचा पत्रा तेवढ्याच भाराखाली जवळपास तिप्पट वाकतो. याला उपाय म्हणजे जाडी वाढविणे, आणि इथे एक नियम फार उपयोगी पडतो. पत्र्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. पहिल्या होडीचा पत्रा १.६ मिलिमीटर आणि दुसरीचा २.५ मिलिमीटर भरला असे समजू. जाडीत फरक दीडपटीहून किंचित अधिक, पण ताठरपणात तो पावणेचार पटींहून अधिक होतो. तळ्याच्या बुडाशी बाभळीचे खुंट व दगड असतात. त्यांवर आपटल्यावर जाड पत्र्याला पोचा पडतो, पातळ पत्रा फाटतो. दुसरीच्या अंगावरील पोचे म्हणजे तिने सोसलेले आणि पचविलेले घाव होत. गुळगुळीत पोचा, ज्याच्या मध्यभागी किंवा कडेला रेघ नाही, तो सौंदर्याचा प्रश्न आहे, सुरक्षिततेचा नाही.

सांधे

बाजारात मडके घेताना ते वाजवून घेतात. होडीही वाजवून घ्यावी. लाकडी हातोडीने किंवा बोटांच्या पेरांनी तळावर ठोकत गेले की चांगला पत्रा स्वच्छ, लांबणारा आवाज देतो. जिथे आवाज एकदम बद्द होतो तिथे रंगाखाली लांबी भरलेली असण्याचा संभव असतो. मोटारींच्या दुरुस्तीत पोचा बुजवायला जो लुकणासारखा मसाला वापरतात त्यालाच कारागीर लांबी म्हणतात. नवा रंग हा जुन्या होडीवरचा सर्वांत संशयास्पद अलंकार आहे. विक्रीच्या आधी पंधरा दिवस ज्याने रंग दिला त्याला काय झाकायचे होते, हा प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. लांबी वाईटच असते असे नाही, पण ती पाण्याच्या रेषेखाली असेल तर तिच्या खाली काय आहे हे खरवडून पाहण्याची परवानगी मागावी. परवानगी नाकारली गेली तर उत्तर मिळाले असे समजावे.

रिव्हेटांच्या होडीत शेकडो रिव्हेट असतात आणि प्रत्येक रिव्हेट हे एक भोक बुजविलेले असते. होडी लाटांवर वाकते, पुन्हा सरळ होते. दरवेळी रिव्हेटाभोवतीचा पत्रा केसभर हलतो. वर्षानुवर्षे हे चालले की भोक रुंदावते आणि धातूची काळी भुकटी बाहेर पडून रिव्हेटाभोवती धुरकट वर्तुळ उमटते. रंग नसलेल्या होडीवर हे वर्तुळ लगेच दिसते. रंगवलेल्या होडीवर ते दिसत नाही, ही पहिल्या होडीविषयीची दुसरी शंका. दोन-चार रिव्हेट ढिले असणे ही मोठी गोष्ट नव्हे, ते ठोकून घट्ट करता येतात किंवा बदलता येतात. बदलताना ते ॲल्युमिनियमचेच आणि बंद टोकाचे असावेत. आत पोलादी खिळा राहून जाणारे स्वस्त रिव्हेट मारले तर सांध्यावरच नव्या रोगाचे बीज पेरल्यासारखे होते.

तो रोग म्हणजे दोन धातूंचे वैर. दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटून ओलाव्यात राहिले की त्यांची जणू विजेची घटमाला तयार होते आणि त्यांतला अधिक क्रियाशील धातू विरघळू लागतो. ॲल्युमिनियम आणि तांबे किंवा पितळ यांच्या जोडीत बळी नेहमी ॲल्युमिनियमचा जातो. याचे एक गाजलेले उदाहरण आहे. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल व फ्रान्समध्ये एरू यांनी विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम स्वस्तात काढण्याची पद्धत शोधली, आणि दहा वर्षांच्या आत नौका बांधणारे या धातूवर लुब्ध झाले. १८९५ च्या ‘अमेरिका चषक’ शर्यतीसाठी ‘डिफेंडर’ नावाची नौका बांधली गेली. तिचे पाण्याखालचे अंग काशाचे, वरचे ॲल्युमिनियमचे आणि सांगाडा पोलादी होता. ती हलकी होती, वेगवान होती, शर्यतही जिंकली. परंतु खाऱ्या पाण्यात या तीन धातूंचे जमेना आणि १९०१ मध्ये ती मोडीत काढावी लागली. होसकोटेचे पाणी गोडे आहे, त्यामुळे हाच प्रकार तेथे फार सावकाश घडेल, पण घडेल. पितळी बोल्ट, तांब्याची तार, होडीच्या तळाशी चिखलात विसरलेले नाणे, तांबेयुक्त औषध पाजलेले लाकूड यांच्या खाली बोट घालून पाहावे. पांढरी पिठासारखी भुकटी आणि तिच्या खाली खड्डा आढळला तर तो किती खोल गेला आहे हे टोच्याने अजमावावे.

वेल्डिंगच्या होडीला भोके नसतात, पण तिचे दुखणे वेगळ्या जागी असते. वेल्डिंगच्या उष्णतेने शिवणीलगतचा पट्टा मऊ पडतो. मॅग्नेशियमयुक्त जातींत ही हानी थोडी असते. उष्णसंस्कार करून कठीण केलेल्या ६०६१ सारख्या जातीत ती पुष्कळ असते. त्यातच ॲल्युमिनियमचा एक स्वभाव असा की पोलादाप्रमाणे त्याला थकव्याची निश्चित खालची मर्यादा नाही. लहानसा ताण लाखो वेळा आला तरी कधीतरी तडा जाण्याचा संभव राहतोच. तडे जिथे ताण साठतो तिथे पडतात: बाकांचे टोक जिथे बाजूला मिळते तो कोपरा, तळ व बाजू यांच्या संधीवरची कड, आणि पिछाडीचे दोन्ही कोपरे. या जागा भिंगाने पाहाव्यात. त्याहून खात्रीची एक जुनी रीत कारखान्यांत चालत आली आहे. संशयित शिवणीच्या बाहेरच्या अंगाला खडूची पूड पाण्यात कालवून पातळ लेप द्यावा व तो वाळल्यावर आतील अंगाने रॉकेल लावावे. डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यातूनही रॉकेल झिरपते आणि पांढऱ्या लेपावर ओली रेघ उमटते. रॉकेल आता सहज मिळत नाही. डिझेलनेही काम भागते.

दुसऱ्या होडीच्या नाळेजवळ अशी बोटभर रेघ उमटली असे धरून चालू. तेवढ्याने ती टाकाऊ ठरत नाही, पण दुरुस्ती कोण करणार हे ठरविल्याशिवाय किंमत ठरवू नये. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतो, त्याच्यावरचा प्राणिदाचा थर मात्र २००० अंशांहून अधिक तापमानापर्यंत टिकून राहतो. म्हणून गावातील गेटे-खिडक्या जोडणारा वेल्डर कितीही कुशल असला तरी त्याच्या साधनांनी हे काम होत नाही, उलट पत्र्याला भोक पडते. त्याला अरगॉन वायूच्या आवरणाखाली चालणारे वेल्डिंग लागते. ही सोय बंगळूरच्या पीण्यासारख्या औद्योगिक वसाहतीत सहज मिळते. होडी तेथवर नेण्या-आणण्याचे भाडे व मजुरी धरून जो आकडा येईल तो किमतीतून वजा मागावा. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून तो पुढे सरकणे थांबविल्यानंतरच वेल्डिंग करावयाचे, हे कारागिराला माहीत आहे की नाही एवढे विचारून घ्यावे.

शेवटी पाण्याची परीक्षा. होडी तळ्यात न ढकलता जमिनीवर लाकडी ओंडक्यांवर ठेवावी, आत पाणी ओतावे आणि बाहेर कुठे पाझर दिसतो तिथे खडूने खूण करावी. ही परीक्षा सोपी आहे, पण तिच्यात एक चूक नेहमी केली जाते. साडेतीन चौरस मीटर तळाच्या होडीत दहा सेंटीमीटर पाणी म्हणजे ३५० किलो वजन. दोन ओंडक्यांवर टेकलेली होडी एवढ्या भाराने मध्येच वाकेल आणि परीक्षेपूर्वी नसलेला दोष परीक्षेने उत्पन्न होईल. पाच सेंटीमीटरपेक्षा अधिक पाणी घालू नये आणि आधार चार-पाच ठिकाणी द्यावा.

वजन आणि तरण

होडीची खरी कुंडली वजनकाट्यावर उघडते. धान्याच्या व्यापाऱ्याकडचा सपाट काटा पुरतो. आधी नाळेचे टोक काट्यावर व पिछाडी तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर ठेवावी, मग उलट करावे, आणि दोन्ही आकडे मिळवावेत. दुसऱ्या होडीचा पत्रा सुमारे पावणेआठ चौरस मीटर धरला तर त्याचे वजन ५२ किलो येते. कण्या, बाक व काठाच्या पट्ट्या मिळून ७५ किलोच्या आसपास भरावयास हवे, आणि ती तेवढी भरली. पहिलीचे इंजिन उतरवून हाच हिशेब केला तर पत्रा पातळ असल्याने ती मोठी असूनही ७५ किलोच्या पलीकडे फारशी जाऊ नये. काटा मात्र १०० दाखवितो. हे २५ किलो कोठून आले?

याचे उत्तर बाकांखाली असते. होडीत पाणी भरले तरी ती बुडू नये म्हणून बाकांच्या पोकळीत हलका फेस भरलेला असतो. हा फेस वर्षानुवर्षे ओलाव्यात राहिला की हळूहळू पाणी पितो. पाणी प्यालेला फेस तरंगवीत नाही, उलट ओझे होतो, आणि त्याच्याशी सतत चिकटून राहिलेला पत्रा आतून खाल्ला जातो. म्हणजे जी गोष्ट संकटसमयी प्राण वाचविण्यासाठी ठेवली तीच निकामी झालेली असते, आणि बाहेरून काहीही दिसत नाही. इंजिन टांगण्याच्या पिछाडीच्या फळीचेही असेच आहे. दोन पत्र्यांमधील प्लायवूड वरच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी पिऊन कुजते. टोचा सहज आत शिरला, किंवा इंजिनाचा दांडा धरून खालीवर दाबताना फळी लवली, तर ती फळी बदलावी लागेल. फेस आणि फळी या दोन्हींचा खर्च मिळविला की पहिली होडी दीडपट राहात नाही, ती दुपटीच्या वर जाते.

आता भाराचा विचार. तरंगणाऱ्या वस्तूने सारलेल्या पाण्याचे वजन तिच्या स्वतःच्या वजनाएवढे असते, हा आर्किमिडीजचा नियम शाळेत सर्वांनी शिकलेला आहे. तो तळ्यावर नेमका कसा वापरावयाचा एवढेच पाहू. दुसऱ्या होडीच्या सपाट तळाचे क्षेत्र, नाळेकडचा निमुळता भाग वगळता, साडेतीन चौरस मीटर आहे. म्हणजे ती एक सेंटीमीटर खाली जाण्यासाठी ३५ किलो भार लागतो. होडी ७५, दोन माणसे १३०, ओले जाळे ४०, मासे ६० असे ३०५ किलो धरले तर ती जेमतेम नऊ सेंटीमीटर बुडते. तिची बाजू ४५ सेंटीमीटर उंच आहे. पाण्यावर सुमारे ३६ सेंटीमीटर काठ उघडा राहतो. भरलेल्या होडीचा काठ ३० सेंटीमीटरपेक्षा खाली येऊ देऊ नये, ही सावध मर्यादा धरली तरी तीत ती बसते. आणखी एक माणूस व आणखी एक टोपली बसेल.

हा हिशेब होडी समपातळीत असतानाचा आहे. जाळे ओढताना दोघेही एकाच काठावर वाकतात, तेव्हा त्या बाजूचा काठ हातभर उरत नाही. अशा वेळी तळाशी साचलेले पाणी फार घातक ठरते. पाच सेंटीमीटर पाणी म्हणजे १७५ किलोचा असा भार की जो होडी कलताच कललेल्या बाजूकडे धावतो. दोन माणसे जागची हलली नाहीत तरी तिसरा, अदृश्य मनुष्य त्या बाजूला येऊन बसतो. म्हणून पाझरणारी होडी ही केवळ त्रासदायक नसते. उपसण्याचे भांडे हाताशी ठेवणे आणि प्रत्येकाच्या अंगावर तरंगजाकीट असणे हे होडी कोणतीही घेतली तरी टळत नाही.

तळाचा आकार

पन्हाळी तळाची होडी लाट चिरीत जाते, वल्ह्यावर सरळ चालते आणि वाऱ्याने कमी वाहवते. सपाट तळ लाटेवर आपटतो, आडव्या वाऱ्यात सरकतो. मात्र उथळ पाण्यात तो अडत नाही आणि उभे राहून काम करणाऱ्या माणसाच्या पायाखाली कमी डुलतो. यात श्रेष्ठ कोण, हा प्रश्न पाण्याचे नाव घेतल्याशिवाय निरर्थक आहे. कोयना किंवा उजनीसारख्या खोल, मैलोगणती पसरलेल्या जलाशयावर दूरवर जाऊन जाळी लावणाऱ्याने पन्हाळी तळाची, उंच बाजूंची होडी घ्यावी; तेथे सपाट तळाची लहान होडी हा अविचार ठरेल. होसकोटेच्या तळ्याचे पाणी बांधाकडे खोल आणि वरच्या अंगाला उथळ होत जाते. उन्हाळ्यात तर पाण्याची कड रोज मागे सरते. मासा पुष्कळदा याच उथळ, गवताळ कडेला असतो. पाग फेकणाऱ्याला उभे राहावे लागते. कल्ल्यांशी मासा अडकविणारे उभे जाळे रात्री लावून पहाटे उचलावयाचे असते, आणि ते अंतर वल्ह्याने सहज कापता येते. हरिगोलु या तळ्यांवर शतकानुशतके का टिकली, याची कारणे आठवली म्हणजे कोणते गुण येथे हवेत हे निराळे सांगावे लागत नाही: थोड्या पाण्यात तरंगणे, ठेंगणा काठ, हलके वजन. दुसरी होडी या कसोटीला अधिक उतरते. शिवाय इंजिन आले की पेट्रोल आले; जिथे वल्ह्याने भागते तिथे रोजच्या मिळकतीतून हा वाटा काढून देण्याचे कारण दिसत नाही. पाणवनस्पती फोफावल्या तर पंखा तीतच गुरफटतो, हे निराळेच.

दुसऱ्या होडीविरुद्ध एक आक्षेप उरतो, आणि तो खरा आहे. वळवाचे वादळ सुटले असता ती बांधाच्या बाजूला असेल तर लाटांत तिची अवस्था पहिलीपेक्षा वाईट होईल. मोठ्या बांधाच्या तळ्यात वारा पाण्याच्या संपूर्ण लांबीवरून लाट ढकलीत आणतो आणि ती बांधाच्या दगडांवर आपटून परत फिरते. या दुहेरी लाटांत सपाट तळ सावरणे कठीण. याला होडीत उपाय नाही, वेळेत आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर बांधाकडच्या खोल पाण्यात जायचे नाही, हा नियम ज्या कुटुंबाला पाळता येणार नाही त्याने दुसरी होडीही घेऊ नये.

किमतीचा तळ ठरविण्यास भंगाराचा भाव उपयोगी पडतो. ॲल्युमिनियमला भंगारातही किंमत असते. काट्यावर आलेल्या वजनाला त्या दिवसाच्या दराने गुणले की होडी अगदीच निकामी ठरली तरी किती रक्कम परत येईल ते कळते. दुसरीचे ७५ किलो जवळजवळ सगळे धातूचे आहेत. पहिलीच्या १०० किलोंत पाणी, फेस आणि कुजलेले लाकूड यांचा मोठा वाटा आहे, त्याला भंगारवाला पैसे देत नाही. मागितलेली किंमत आणि हा तळ यांतील अंतर जितके थोडे तितका सौदा सुरक्षित. व्यवहार ठरल्यावर विकणाऱ्याकडून सही-तारखेची पावती घ्यावी, आणि होडी एखाद्या संस्थेची असेल तर विक्रीस मंजुरी देणाऱ्या ठरावाची नक्कलही मागावी. चोरीची होडी स्वस्त पडते, पण फार दिवस नाही.

होडी घरी आणल्यावर तिचा मोडका बाक आधी बसवावा, कारण बाक हा बसण्यापुरता नसतो. दोन्ही बाजूंना ताणून धरणारी ती आडवी तुळई असते, आणि तिच्यावाचून चालविलेल्या होडीच्या बाजू उघडू लागतात. रंग देण्याची गरज नाही. द्यावयाचाच असेल तर तो तांबेयुक्त नसावा. हंगाम संपल्यावर आतील माती व शेवाळ धुऊन होडी पालथी ठेवावी. तिच्या खाली ओले गोणपाट घालू नये. नव्या सिमेंटच्या ओट्यावर ती टेकवू नये. दोन कोरडी लाकडे, खाली हवा खेळेल एवढी उंच, पुरेशी होतात.